85 पीएसआय आलं म्हणून बोअर करू नका: जुन्या स्प्लेंडरचं कॉम्प्रेशन घरी कसं तपासायचं

पाथरीच्या एका भावांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे वडिलांनी घेतलेली 2003 ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. सकाळी चालू होईना गेलीय, किक हलकी लागते, चढावर दम राहिला नाही. मिस्त्रीने दोन किका मारून पाहिल्या आणि "कॉम्प्रेशन उतरलंय, हाफ इंजिन करावं लागतंय" म्हणून सांगितलं. म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा दाबतो तो दाब कमी पडतोय, इंजिनचा वरचा अर्धा भाग खोलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून यांनी आधी स्वतः तपासायचं ठरवलं. कॉम्प्रेशन मोजायचं घड्याळ, म्हणजे गेज, ऑनलाइन मागवलं, प्लग काढून लावलं, 85 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आलं. मग व्हिडिओत दाखवतात तसं चमचाभर इंजिन ऑईल आत टाकलं, तर काटा 140 वर गेला. ऑईल टाकल्यावर वाढलं म्हणजे रिंगा (पिस्टनच्या कडेने हवा गळू न देणारी कडी) गेल्या, मग बोअर करून (सिलिंडरचं आतलं भोक मशीनवर वाढवून) घेऊ का, असं ते विचारतात.

दादा, अजून ब्लॉक (पिस्टन ज्यात फिरतो तो सिलिंडरचा भाग) उतरवू नका. तुमच्या दोन्ही आकड्यांवरून रिंगा गेल्या असं सिद्ध होत नाही. रिंगा गेलेल्या असतीलही, पण अगदी धडधाकट इंजिनसुद्धा तुम्ही केलेल्या पद्धतीत 85 च्या थोडं वर आणि नंतर 140 दाखवू शकतं. हे कसं होतं ते आधी नीट सांगतो, कारण आपल्याकडच्या 100 सीसी गाड्यांचे कितीतरी बोअर याच घोळात विनाकारण होतात.

स्प्लेंडरचं इंजिन 97.2 सीसीचं. कॉम्प्रेशन रेशो साधारण 9 ला 1. म्हणजे पिस्टन वर पूर्ण आल्यावर त्याच्या डोक्यावर जी जागा उरते ती 97.2 भागिले 8, म्हणजे जवळपास 12 सीसी. मेडिकलमध्ये 10 मिलीची सिरिंज मिळते, त्यापेक्षा जरा जास्त. एवढ्याशा जागेत सगळी हवा दाबली जाते. हा 12 चा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आता तुमचं गेज. तुम्ही पाठवलेल्या फोटोत प्लगच्या जागेपासून घड्याळापर्यंत साधारण फूटभर रबरी पाईप दिसतो. अशा गेजमध्ये हवा अडवून धरणारा एक छोटा वॉल असतो, गाडीच्या ट्यूबच्या पिनीसारखा. तो वॉल पाईपच्या इंजिनकडच्या टोकाला असेल तर गेज बरोबर. तो घड्याळाच्या बाजूला असेल तर पाईपमधली सगळी पोकळी तुमच्या इंजिनच्या 12 सीसीत जमा होते. पाईपचं आतलं भोक 5 मि.मी. धरलं आणि लांबी 30 सें.मी., तर पोकळी होते जवळपास 6 सीसी. म्हणजे 12 च्या जागी 18 सीसी. 9 ला 1 चा रेशो घसरून साडेसहाच्याही खाली येतो. जे इंजिन 150 च्या वर दाखवायला हवं ते 95 च्या आसपास दाखवतं. कारच्या एका सिलिंडरची जागा चाळीस-पन्नास सीसी असते, तिथे सहा सीसीने फार बिघडत नाही. हेच गेज कारला बऱ्यापैकी आकडा देतं आणि स्प्लेंडरला खोटा, ते यामुळे.

तपासायला सोपं आहे. पाईपच्या ज्या टोकाला आटे आहेत त्यात टॉर्च मारून बघा. आत पितळी पिन दिसली तर वॉल टोकाला आहे. आरपार पोकळ दिसलं तर वॉल वर आहे, आणि ते गेज 100 सीसीच्या कामाचं नाही. अजून एक बघा. काही जण टोकाचा वॉल खराब झाला की तिथे ट्यूबची साधी पिन बसवून देतात. दिसायला सारखीच असते, पण ट्यूबच्या पिनीची स्प्रिंग कडक असते. गेजला हलक्या स्प्रिंगची वेगळी पिन लागते. कडक पिन लावली तर तेवढा दाब पिन उघडण्यातच जातो आणि घड्याळ कमी दाखवतं.

स्प्लेंडरचा प्लग 10 मि.मी. आट्याचा. बहुतेक गेजचं मूळ टोक 14 चं असतं आणि सोबत 10 चा ॲडाप्टर येतो. त्या ॲडाप्टरचीही पोकळी मोजणीत येतेच, म्हणून 10 मि.मी.च्या टोकातच वॉल बसवलेलं गेज मिळालं तर तेच घ्या. ॲडाप्टर वापरलाच तर त्याची रबरी ओ-रिंग जागेवर आहे ना, आणि त्याच्या आट्याची लांबी तुमच्या प्लगच्या आट्यापेक्षा जास्त नाही ना, हे प्लग शेजारी धरून बघा. आत जास्त घुसलेलं टोक पिस्टनला किंवा इंजिनच्या वॉलला (हेडमधल्या हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेला) लागू शकतं.

आता चमचाभर ऑईल. चमच्यात 5 मिली बसतं. 12 सीसीच्या जागेत 5 मिली ऑईल ओतलं तर हवेला उरतात 7 सीसी, आणि रेशो जातो 14 च्या वर. म्हणजे रिंगा कशाही असोत, काटा वाढणारच. तुमच्या बाबतीत गंमत अशी की पाईपमुळे वाढलेले 6 सीसी चमच्यातल्या 5 मिलीने जवळपास भरून काढले आणि आकडा पुन्हा 140 वर आला. गेज घड्याळाकडच्या वॉलचं निघालं तर तुमच्या 85 आणि 140 चा निम्म्याहून जास्त हिशोब इथेच लागतो. ऑईल टाकून बघायची पद्धत चूक नाही, फक्त चमच्याचं माप मोठ्या इंजिनांचं आहे. आपल्या गाडीला सिरिंजने 1 मिली पुरे. तेवढ्याने रेशो 9 वरून पावणेदहापर्यंतच जातो, म्हणजे आकडा थोडा वाढणं साहजिक. त्याहून बरीच उडी दिसली तर ती रिंगांची.

तेही या इंजिनात जपून वाचायचं. स्प्लेंडरचा ब्लॉक आडवा असतो. टाकलेलं ऑईल पिस्टनच्या खालच्या अंगाला जमा होतं, वरच्या अंगाच्या रिंगेला पोचतच नाही. ऑईल टाकल्यावर गेज न लावता, प्लगचं भोक फडक्याने झाकून किक हाताने सावकाश दाबत इंजिन फिरवा, म्हणजे ऑईल गोल पसरतं. मग गेज लावा.

आता पद्धत. गाडी चालू होत असेल तर आधी पाच-दहा मिनिटं फिरवून गरम करा. थंड इंजिनात ऑईल जाड, फटी मोठ्या, आकडा कमी येतो. गरम केल्यावर लगेच प्लग काढायची घाई नको. हेड (ब्लॉकवरचं झाकण, ज्यात प्लग बसतो) ॲल्युमिनियमचं आहे, भाजत असताना प्लग पिळला तर आटे ओढले जातात. हात लावता येईल इतकं कोमट होऊ द्या. प्लग काढण्याआधी त्याच्या बुडाभोवतीची माती पंक्चरवाल्याच्या हवेने किंवा हातपंपाने उडवून घ्या. काळ्या रानातली गाडी असली की तिथे वाळलेल्या चिखलाचा थर असतोच. प्लग सुटला की तो थर थेट सिलिंडरमध्ये पडतो, आणि तपासायच्या नादात तुम्ही स्वतःच बोअरला रेघ पाडता.

पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून घ्या. नाहीतर ॲक्सिलेटर पूर्ण उघडून किका मारताना आत पेट्रोल जात राहतं, ते बोअरवरचं ऑईल धुऊन टाकतं आणि आकडा पडतो. शिवाय उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. चावी बंद ठेवा. जुन्या स्प्लेंडरची ठिणगी मॅग्नेटोवर चालते, चावी बंद केली की सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) ग्राउंड होतो आणि ठिणगी पडत नाही. तरीही प्लग टोपीत घालून भोकापासून लांब, इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवा.

गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. गेजचं टोक आधी हातानेच फिरवून आत घ्या. पाना शेवटी, थोडासाच. 10 मि.मी.चा आटा वाकडा चढला तर हेड लेथवर न्यावं लागेल. मग एकाने ॲक्सिलेटर पूर्ण पिळून धरायचा आणि दुसऱ्याने किका मारायच्या. ॲक्सिलेटर बंद ठेवून मोजणं ही घरच्या तपासणीत सर्रास होणारी चूक आहे. हवाच आत येत नाही तर दाबणार काय? स्प्लेंडरच्या कार्ब्युरेटरची स्लाइड केबलने थेट उचलली जाते, त्यामुळे पिळणं पुरतं. करिज्मासारख्या गाड्यांमध्ये स्लाइड हवेच्या ओढीने उचलली जाते, तिथे नुसतं पिळून भागत नाही, स्लाइड हाताने वर धरावी लागते.

किका पूर्ण आणि जोरात, एकामागून एक, काटा वाढायचा थांबेपर्यंत. साधारण पाच ते आठ लागतात. आणि इथे डोळे घड्याळावरच हवेत, कारण शेवटच्या आकड्याइतकीच काट्याची चाल बोलकी असते. पहिल्याच किकेला काटा निम्म्याच्या वर उडी घेतो आणि दोन-तीन किकांत जागेवर बसतो, ते इंजिन निरोगी. पहिल्या किकेला कमी, मग प्रत्येक किकेला थोडं थोडं चढत जातं, तिथे रिंगा किंवा बोअर झिजलाय. पहिल्या किकेला कमी आणि पुढेही फारसं चढत नाही, तिथे वॉलमधून किंवा हेड गॅस्केटमधून हवा जाते. एक मोजणी झाली की हवा सोडून पुन्हा करा. दोन मोजण्या जवळपास सारख्या आल्या तरच आकडा धरा.

आकडा किती हवा? चांगल्या स्थितीतली स्प्लेंडर, चांगल्या गेजवर, किकेने 150 ते 175 दाखवते. 120 ते 150 मध्ये गाडी झिजलेली असते पण चालते, आणि त्यातल्या बऱ्याच नुसत्या टॅपेटने सुधारतात. 100 च्या खाली आली की थंडीत चालू व्हायला त्रास देणारच. घड्याळावर दोन पट्ट्या असतात, पीएसआय आणि किलो. 1 किलो म्हणजे 14.2 पीएसआय. कोणती पट्टी वाचताय ते बघा. शिवाय गावाच्या उंचीप्रमाणे हा आकडा बदलतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रापासून सुमारे 570 मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाबच सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी. मुंबईत 160 दाखवणारी गाडी तिथे 150 दाखवेल. पाथरी-परभणीकडचा भाग त्याहून खाली आहे, तुम्हाला फरक कमी पडेल. दुसऱ्या गावच्या माणसाच्या आकड्याशी तुमचा आकडा ताडून घाबरू नका. स्वतःच्या गाडीचा आकडा टाकीखाली किंवा वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच गेजने मोजा. घरच्या गेजचा खरा उपयोग तोच आहे.

तुम्ही लिहिलंय की किक हलकी लागते. मिस्त्रीनेही त्यावरूनच निदान केलं. किकेचा अंदाज अनुभवी पायाला येतो हे खरं, पण स्प्लेंडरमध्ये एक अडचण आहे. या इंजिनाची किक गिअरबॉक्समधून, क्लचमधून जाऊन क्रँक (पिस्टनला वरखाली करणारा दांडा) फिरवते. म्हणूनच ही गाडी क्लच दाबून गिअरमध्ये चालू होत नाही, न्यूट्रल करावीच लागते. मग क्लच प्लेटा झिजल्या असतील, किंवा क्लच लिव्हरला मोकळी चाल न ठेवता केबल ताणून बसवली असेल, तर किक मारताना क्लचच घसरतो. पाय हलका खाली जातो, इंजिन मात्र पुरेसं फिरत नाही. लक्षण हुबेहूब कॉम्प्रेशन गेल्यासारखं. चढावर दम न राहणं हेही घसरत्या क्लचचंच लक्षण! आधी लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मि.मी. मोकळी चाल आहे का बघा. मग रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये सावकाश चालवताना एकदम पूर्ण ॲक्सिलेटर द्या. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. हे गेज लावण्याच्याही आधी बघायचं होतं, कारण घसरत्या क्लचवर क्रँक हळू फिरतो, गळती व्हायला वेळ मिळतो आणि गेजही कमी दाखवतं.

दुसरी गोष्ट टॅपेट, म्हणजे वॉल आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट ठरवणारा स्क्रू. माझं ठाम मत आहे की टॅपेट न तपासता ज्या गाडीचं हेड उतरवलं, ते काम अर्धवट निदानावर झालं. आपल्याकडे टॅपेट वाजला की लोकांना गाडी खराब वाटते, म्हणून आवाज बंद होईपर्यंत आवळून घेतात. गाडी शांत होते, मालक खूश होतो. पण वॉल आणि त्याची सीट झिजते तसा वॉल हळूहळू हेडमध्ये आत बसत जातो आणि फट आपोआप कमी होते. त्यात आवळलेला टॅपेट असेल तर इंजिन गरम झाल्यावर वॉल पूर्ण बंदच होत नाही. कॉम्प्रेशन तिथून निघून जातं, आणि एक्झॉस्ट वॉलला सीटवर टेकून थंड व्हायची संधी मिळत नाही, म्हणून तो कडेने जळतो. थोडा वाजणारा टॅपेट चालून जातो, आवळलेला चालत नाही.

टॅपेट पूर्ण थंड इंजिनवर बघतात. रात्रभर उभी गाडी, सकाळी. हेडवरच्या वरच्या-खालच्या दोन टोप्या काढा, वरची इनलेटची, खालची एक्झॉस्टची. मॅग्नेटोच्या झाकणावरच्या दोन टोप्याही काढा. प्लग काढलेला असला की क्रँक बॉक्स पान्याने हलका फिरतो. डाव्या बाजूने बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा आणि मॅग्नेटोच्या चाकावरची 'टी'ची खूण झाकणावरच्या खाचेसमोर आणा. आता दोन्ही रॉकर बोटाने किंचित खुळखुळले पाहिजेत. एक घट्ट लागला तर खूण बरोबर असली तरी पिस्टन चुकीच्या फेऱ्यात आहे, आणखी एक पूर्ण फेरा द्या. मग फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या संचाची) पात फटीत घाला. फट मॅन्युअलमध्ये दिलेली ठेवा, ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी असते, डोळ्याने किंवा कागद घालून जमणारं काम नाही. पात फटीतून ओढताना हलकी धरून आल्यासारखी लागली पाहिजे. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळून झाल्यावर पात पुन्हा घालून बघा. खुळखुळायला हवा तिथे रॉकर घट्टच असेल तर तुमच्या कॉम्प्रेशनचा चोर सापडला म्हणून समजा. फट नीट करून गाडी फिरवून आणा आणि परत मोजा.

हे सगळं करून आकडा कमीच राहिला तर हवा नेमकी कुठून जाते ते कानाने ऐकता येतं, आणि घरच्या तपासण्यांमध्ये मला सर्वांत भरवशाची वाटते ती हीच. पिस्टन वर, दोन्ही वॉल बंद, 'टी'ची खूण जुळलेली. गेजचा पाईप घड्याळापासून सोडा, टोकातली पिन काढा, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा प्लगच्या भोकातून आत द्या. 30-40 पीएसआय भरपूर झाली. यात एक धोका आहे, तो आधी समजून घ्या. पिस्टन जराही सरकलेला असेल तर हवा त्याला जोरात खाली ढकलते आणि इंजिन फिरतं. म्हणून गाडी स्टँडवरून खाली, दोन्ही चाकं जमिनीवर, चौथा गिअर टाकलेला, मागचा ब्रेक कोणीतरी दाबून धरलेला. किकेच्या दांड्याजवळ पाय नको, बॉक्स पाना क्रँकवर अडकलेला नको.

हवा सोडली की ऐका. एअर फिल्टरची नळी काढून कार्ब्युरेटरच्या तोंडाशी कान न्या, ॲक्सिलेटर उघडा ठेवून. तिथे फुसफुस आली तर इनलेट वॉल. सायलेन्सरच्या तोंडाशी आली तर एक्झॉस्ट वॉल. ऑईल टाकायची टोपी काढून तिथे आली तर रिंगा. हेड आणि ब्लॉकच्या जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गॅस्केट. रिंगांमधून थोडी हवा नव्या इंजिनातही जाते, कारण रिंगेच्या तोंडाला फट असतेच. वॉलमधून मात्र ऐकू येण्याइतकी जायला नको. ऑईलच्या टोपीतून नुसती मंद फुंकर येत असेल आणि सायलेन्सरमधून स्पष्ट शिट्टी, तर ब्लॉकला हात लावायचं काहीच कारण नाही. फक्त हेड उतरवा आणि वॉल घासून घ्या.

धुराचंही बघा. सकाळी पहिल्या किकेला निळा भपका येऊन थांबतो, किंवा उतारावर ॲक्सिलेटर सोडून पुन्हा दिला की निळा धूर येतो, ते बहुतेक वॉल सील किंवा गाईड. ओढीवर सतत निळा धूर आणि ऑईल कमी होत जाणं, ते रिंगा-बोअर. तुम्ही धुराबद्दल काही लिहिलेलं नाही, ऑईल कमी होतं असंही नाही. बोअर गेलेली 2003 ची गाडी धूर न मारता राहिली असं फार क्वचित दिसतं, आणि मला तुमच्या गाडीत आशा वाटते ती यामुळेच.

उघडावं लागलंच तर मोजल्याशिवाय काही बदलू देऊ नका. हेड उलटं ठेवून, प्लग लावून, वॉलवरच्या खोबणीत रॉकेल किंवा पेट्रोल भरा आणि पोर्टमधून पाझरतं का बघा. मिस्त्रीसमोर करा, पाच मिनिटांचं काम आहे. ब्लॉकच्या वरच्या कडेला, जिथे पहिली रिंग परत फिरते तिथे, नख फिरवा. नख अडेल अशी पायरी लागली तर बोअर झिजलाय. पहिली रिंग पिस्टनवरून काढून बोअरमध्ये सरळ बसवा आणि तिच्या तोंडाची फट फिलरने मोजा. नव्या रिंगेला साधारण 0.1 ते 0.3 मि.मी. असते, 0.5 च्या पुढे गेली तर ती गेली. मूळ बोअर 50 मि.मी.चा. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजून तो कुठे 0.1 मि.मी.ने वाढलेला आढळला तर ओव्हरसाईझ (मूळ मापापेक्षा मोठा) पिस्टन टाकायची वेळ आली. पायरी पडलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकण्याचा स्वस्त उपाय करू नका. नवी रिंग त्या पायरीवर आपटते आणि तुटते. बोअर करायचाच तर आधी पिस्टन विकत घ्या, तो मशीनवाल्याच्या हातात द्या, आणि त्या पिस्टनला मोजून बोअर करायला सांगा. 0.25, 0.50, 0.75, 1.00 अशा चारच पायऱ्या मिळतात, म्हणून गरज असेल तेवढीच पहिली पायरी वापरा. वाळूजला 1985 मध्ये बजाजचा कारखाना आला तेव्हापासून संभाजीनगर-जालना पट्ट्यात मापात काम करणारे टर्नर आणि बोअर मशीनवाले तयार झालेत. तालुक्याला खात्री वाटत नसेल तर ब्लॉक पिशवीत घालून तिकडे घेऊन जा, एका दिवसाची खोटी होईल पण काम मापात होईल.

याच निमित्ताने इतर गाड्यांचं थोडक्यात. यामाहा आरएक्स 100 टू-स्ट्रोक आहे, तिच्या हेडमध्ये स्प्लेंडरसारखे वॉल नाहीत. पिस्टन एक्झॉस्टचं भोक झाकतो तेव्हाच दाबायला सुरुवात होते, म्हणून तिचा आकडा स्प्लेंडरपेक्षा कमी असणं स्वाभाविक. तिचा प्लग 14 मि.मी.चा. तिच्यात ऑईल टाकून बघायच्या फंदात पडू नका, क्रँकच्या सीलकडे आणि सायलेन्सरमधल्या कार्बनकडे आधी बघा. जुन्या लोखंडी ब्लॉकच्या 350 बुलेटचा रेशोच साडेसहाच्या आसपास आहे, ती 100 च्या आगेमागेही ठणठणीत असते. मोजताना डिकॉम्प्रेशनची लिव्हर (किक हलकी लागावी म्हणून दाब सोडणारी) पूर्ण सुटलेली आहे ना एवढं बघा. नंतरच्या बुलेटच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनात डिकॉम्प्रेशन आपोआप होतं, तिथे किकेवरचा आकडा मुळातच कमी येतो आणि मॅन्युअलशीच ताडावा लागतो.

शेवटचं, आणि याच्यासाठी मी एवढं लांब लिहिलं. समजा तुमचा बोअर खरंच गेलेला निघाला, तर तो कशाने गेला ते शोधल्याशिवाय नवा पिस्टन घालू नका. आपल्याकडे तो बहुतेक धुळीने जातो. उन्हाळ्यातली पाणंद, ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीयंत्राशेजारी उभी केलेली चालू गाडी, कापसाचे तंतू धरून बसलेलं फिल्टर. कितीतरी गाड्यांना फिल्टर फाटलेलं असतं, काहींना "गाडी मोकळी पळते" म्हणून काढूनच टाकलेलं असतं. फोमचं फिल्टर असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, वाळवून, इंजिन ऑईलमध्ये भिजवून, परत पिळून बसवा. कोरडा फोम धूळ अडवत नाही. तेलकट कागदाचं असेल तर हवा मारून साफ करू नका, ते बदलायचंच असतं. आणि फिल्टरच्या डब्यापासून कार्ब्युरेटरपर्यंत जो काळा रबरी बूट जातो तो काढा, उजेडात धरून दोन्ही हातांनी वाकवा. वीस वर्षांच्या रबराला घडीच्या जागी चिरा असतात, बसवलेला असताना त्या दिसत नाहीत. बुटाच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. बोटाला काळ्या मातीची भुकटी लागली तर फिल्टर कितीही नवं असलं तरी धूळ त्याला वळसा घालून आत जातेय. तो बूट आणि त्याची क्लिप आजच बदला, गेजचं काम उद्या केलं तरी चालेल.